पट्टीखालचा चोथा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. विजयदुर्गला, बंदराजवळच्या घरात, गेल्या मे महिन्यातल्या एका भर दुपारी. नाझमीनच्या बाबतीत.

बांगडे तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल तिच्या डाव्या हातावर आलं.

तिने हात बराच वेळ नळाखाली धरला. मग नवरा खालिद तिला दवाखान्यात घेऊन गेला.

रश्मी सिस्टरने हात नीट न्याहाळला. कोपराजवळ नुसती लाली होती. ती चार दिवसांत जाईल, म्हणाली. त्याखाली पाण्याने टरारलेले फोड. ते फोडायचे नाहीत. टूथपेस्ट, हळद, पाला, काही म्हणजे काही लावायचं नाही.

मनगटावर मात्र कातडी मेणासारखी पांढरी पडली होती.

सिस्टरने तिथे बोट टेकवलं. "हय दुखता?"

"नाय. थंयच बरां आसा."

"बरां नाय गो. दुखत नाय म्हंजे कातडी मुळापासून जळली."

तिने कोरडी पट्टी बांधली. उद्याच कणकवलीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाली.

घरी आल्यावर सिस्टरने दिलेल्या गोळीने नाझमीनचा डोळा लागला. खालिद बाहेर ओटीवर होता. घरात तिसरं कोणी नव्हतं.

तिला जाग आली ती आवाजाने.

च्यप... च्यप... च्यप...

कोणीतरी चघळत होतं. दात नसलेल्या तोंडाने. अगदी कानाशी.

मग आवाज थांबला...

मनगटाला काहीच कळलं नाही. पण काहीतरी कोमट, बुळबुळीत ओघळत तिच्या बोटांपर्यंत आलं.

आणि वास... बरेच दिवस न धुतलेल्या तोंडाचा.

तिने हाक मारली. खालिद धावत आला. पट्टीची गाठ जशीच्या तशी होती. त्याने ती सोडली.

आत चावून चोथा केलेला पाला होता. काळपट हिरवा. लाळेच्या तारा सुटत होत्या. त्यात एक लांब, पांढरा केस.

"ह्यां कोणी लावल्यान?"

खालिद तिला तसाच परत दवाखान्यात घेऊन गेला.

सिस्टरला वाटलं, यांनीच कुणाचं तरी ऐकून हा उद्योग केला. ती दोघांवर चिडली. जखम पुन्हा धुतली, नवी पट्टी बांधली.

या खेपेला घरी आल्यावर खालिद तिचा हात स्वतःच्या हातात धरून बसला. दारं बंद. डोळे पट्टीवर.

कोणी आलं नाही.

फक्त त्याच्या बोटांखाली... पट्टी आतून हळूहळू फुगत गेली.

उद्याची वाट न बघता त्याने गाडी काढली. कणकवलीत पट्टी सोडताना डॉक्टरांनी नाकावर रुमाल धरला. पुढे मांडीची कातडी काढून मनगटावर बसवली. ती धरली. फोडांचे डागही गेले.

आता वर्ष होत आलं. कोणी शेजारी बसून पान खाऊ लागलं, की नाझमीन उठून जाते.

दुपारी जेवणं झाली, की खालिद तिचं बुळबुळीत झालेलं मनगट पुसून देतो.

फडकं रोज नवं घ्यावं लागतं.