टॅगमधलं नाव

अकोल्यात जुन्या कापड बाजारातल्या एका दुकानावरच्या खोलीत मिस्बाह आणि साधना दोघी मिळून वेबसाइट बनवत. दुबार पेरणीच्या त्या वर्षी एकच मोठं काम हाती होतं: बियाण्यांचे ठोक व्यापारी पुंजाजी यांची साइट. दुपारी ते पाहायला येणार होते. हे काम गेलं की खोलीला कुलूप, हे मिस्बाहला पक्कं ठाऊक होतं.

भारनियमनात कूलर बंद होता; इन्व्हर्टरवर दोन कॉम्प्युटर तेवढे चालू. आणि पहिल्याच पानावर, पाहणाऱ्याचं नाव यायचं तिथे, कोडाची ओळ जशीच्या तशी छापून येत होती. मिस्बाह वैतागली. टॅगच्या, म्हणजे कोडातल्या कंसातल्या खुणेच्या, अवतरणचिन्हांत आधी साधे शब्द लिहायचे आणि त्यांना चिकटून नाव आणणारा कोड जोडायचा, ही साधनाची जुनी खोड. पान तयार करून पाठवणारा सर्व्हर असली खिचडी उलगडत बसत नाही, आहे तशी वाढतो.

चूक तिथेच आहे ना, हे पाहायला तिनं नावाचा भाग काढून टाकला. नुसतं 'नमस्कार' ठेवलं.

पान आलं: नमस्कार, साधना.

ब्राउझरमध्ये पानाची जुनी प्रत उरली असेल, म्हणून तिनं ती पुसली. फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. साधनाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. शेवटी तिनं सर्व्हरच बंद केला. आता पान यायलाच नको होतं.

पान आलं. खाली आणखी एक ओळ होती: मिस्बाहले सांगतलं का?

चहा घेऊन आलेल्या साधनानं ते वाचलं. कप ठेवताना चहा टेबलावर सांडला.

"तुले कोनं सांगतलं?"

"काय?"

"असं लिहून काहून टोचून राहिली? सरळ विचार ना." साधना खाली पाहत बोलत होती. "मी पुण्याले चालली. पुंजाजीचं काम बी तिकडच्या कंपनीले देलं. ते आज येत नाहीत."

"मी नाही लिहिलं."

साधनाला ते पटलं नाही. पर्स उचलून ती जिना उतरली.

 कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि हिनंच केसानं गळा कापावा? मिस्बाहनं नवऱ्याला, शाकीबला, फोन लावला.

"साधना काम सोडून गेली," एवढंच ती बोलू शकली.

"जाने दे," शाकीब शांतपणे म्हणाला. "पुण्यात तिले पगार बी चांगला भेटन."

पुण्याचं नाव मिस्बाहनं काढलंच नव्हतं.

तिनं फोन कानावरून खाली घेतला. समोरचं पान, कुणी हात न लावता, बदललं.

नमस्कार, शाकीब.