पंचफुलाचा गोल चेहरा

मुक्कामी गाडीत त्या रविवारी संध्याकाळी एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यावर पत्र्याचा एक डबा ठेवलेला होता.

"हा डबा उचला न," अंजना म्हणाली.

तिकिटांना चिमटा मारता मारता कंडक्टरने मान वळवली. "त्याची जागा हाय ते."

"तिकीट काढलं काय त्यानं?"

"काढलं म्हटलं तर?"

"मंग दाखवा."

तो हसला. सावळा, उंच, खाकी शर्टाची वरची गुंडी तुटलेली... आणि हसणं मात्र अगदी मोकळं. "बसा. पण याले मांडीवर घ्या. औषध हाय याच्यात, खाली इंजिनाची गरमी लागते."

वाशीमपासून इंझोरीपर्यंत तो डबा अंजनाच्या मांडीवर होता. उतरताना त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, जणू आत कुणी झोपलेलं होतं. म्हणाला, "शाळेवरच्या नव्या बाई तुमीच काय? मी इंद्रभान. याच गावचा."

साल अठ्ठ्याहत्तर. अंजनाची ही पहिली नोकरी. गावात गोमतीबाईंकडे तिने खोली घेतली होती, आणि दर रविवारी वाशीमला आईवडिलांना भेटून ती याच गाडीने परत यायची. गाडी रात्रभर इंझोरीत थांबून पहाटे निघायची. इंद्रभान पहाटे गाडीबरोबर जायचा तो दिवस मावळल्यावरच घरी यायचा.

त्याची बहीण पंचफुला अंजनाच्याच वर्गात होती, सातवीत. वयाने इतरांपेक्षा मोठी, अंगाने किरकोळ, आणि चेहरा मात्र गोल, फुगीर. पोरी तिला भोपळी म्हणायच्या. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

गोमतीबाईंनीच एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. पोरीचे दोन्ही गुर्दे निकामी झाले होते. दोन वर्षांपूर्वी इंद्रभान तिला पार वेल्लोरला घेऊन गेला आणि आपली एक किडनी देऊन आला. "तेव्हापासून पोरीले रोज गोळ्या. जन्मभर घ्या लागतात म्हणते, नाही त आंग ते किडनी ठेवून घेत नाही. अन् याले कोनी पोरगी देत नाही. अर्धा माणूस म्हणतात त्याले, बाई."

पुढच्या रविवारी गाडीत अंजनाने इंद्रभानकडे नीट पाहिलं. गर्दीतून वाट काढत, म्हातारीचं गाठोडं वर टाकत, ड्रायव्हर भाऊसिंगला हाक देत तो फिरत होता. अर्धा? तिला त्यात कुठे काही कमी दिसेना.

"काय पाहून राह्यल्या?" त्याने विचारलं.

"गुंडी. अजून तुटलेलीच हाय."

"लावणारं कोनी नाही."

"सुई-दोरा त असन घरी."

"सुई-दोरा हाय..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने तसंच सोडून दिलं. खिडकीतून संत्र्याच्या बहराचा वास आत येत होता. अंजनाने चेहरा बाहेर वळवला. कान तेवढे गरम झाले होते.

जानेवारीत पंचफुलाचा चेहरा बारीक व्हायला लागला. गालांची हाडं दिसू लागली, डोळे मोठे वाटू लागले. चिडवणाऱ्या पोरीच म्हणाल्या, पंचफुली, तू त सुंदर दिसून राह्यली. अंजनालाही बरं वाटलं.

मग झेंडावंदनासाठी लेझीमची तयारी चालू असताना पंचफुला मैदानातच खाली बसली. अंजना जवळ गेली. पोरीचं अंग तापलं होतं. पायातली तोरडी मांसात रुतली होती, आणि घोट्यावर बोट दाबलं तर तिथे खड्डा राहत होता.

अंजनाने तिला वर्गात नेलं. "गोळ्या घेतेस न?"

"घेते."

"सगळ्या?"

पंचफुला हळूच म्हणाली, "पिवळ्या घेते. पांढऱ्या सोडल्या. दादा पहाटे जाते, माय वावरात जाते... मी फेकून देते. पांढऱ्यानं तोंड फुगते, बाई."

"पोरी चिडवतात म्हणून?"

"पोरीइचं काय?" तिने मान हलवली. "मंगरूळचे पाहुणे आले होते, दादाच्या सोयरिकीले. त्याइनं दादाले काईच विचारलं नाही. माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् म्हणे, या पोरीले काय झालं? मंग मायनं सांगतलं. मंग ते उठलेच. चहा बी नाही घेतला." ती बोटाने बाकावरची रेघ गिरवत होती. "माहं तोंड पह्यल्यासारखं झालं, का कोनी विचारणार नाही. विचारलं नाही, त सांगा लागत नाही. मंग दादाचं लगन होईल."

अंजनाने तिचा तापलेला हात हातात घेतला.

"दादाले सांगू नका, बाई."

"सांगीन. तू रुस माह्यावर... पण सांगीन."

संध्याकाळी गाडी आली तेव्हा अंजना थांब्यावरच उभी होती. "आज इतवार नाही, बाई इकडे कशा?" म्हणत तो हसत उतरला. तिने सांगितलं. त्याचं हसू कुठे गेलं ते तिला दिसलंसुद्धा नाही. भाऊसिंगने धावत जाऊन उदयसिंग पाटलांची जीप आणली. इंद्रभानच्या आईचे, प्रयागबाईंचे, हातपाय गळाले होते, म्हणून अंजनाही नागपूरला गेली. वाटभर पोरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

दवाखान्यातले पहिले दिवस वाईट गेले. मग ताप उतरला, पायांची सूज ओसरली. डॉक्टर म्हणाले, किडनीचं थोडं नुकसान झालं ते झालंच, पण ती वाचली. पुन्हा गोळ्या सुटल्या तर मात्र वाचणार नाही.

त्या सकाळी दोघं व्हरांड्यात उभे होते. इंद्रभान बराच वेळ कठड्यावर हात ठेवून होता.

"वेल्लोरले डॉक्टरनं विचारलं होतं, भीती वाटते काय. मी नाही म्हटलं. खरंच नव्हती वाटली. या चार दिवसांत वाटली."

"आता?"

"आता दुसरीच वाटून राह्यली."

"कशाची?"

"तुमी इतवारी गाडीत येता... एखाद्या इतवारी येणार नाही, याची."

अंजनाने कठड्यावरून खाली पाहिलं. खाली अंगणात कुणी धुतलेल्या चादरी वाळत घालत होतं.

"मले एकच किडनी हाय, अंजनाबाई. सांगून ठेवतो."

"अख्ख्या इंझोरीले माहीत हाय ते."

"गावानं सांगणं येगळं. मी सांगणं येगळं."

"मंग माह्या बाबाले बी तुमीच सांगा," ती म्हणाली. "घरी या. अन् पंचफुलाले मागं ठेवून येऊ नका."

महिन्याभराने ते वाशीमला आले. पंचफुलाचा चेहरा पुन्हा गोल झाला होता. प्रयागबाई तिला गावीच ठेवणार होत्या. इंद्रभानने ऐकलं नाही. अंजनाचे वडील रामकिसन रेल्वेत नोकरीला होते, कमी बोलणारे. बसताच त्यांची नजर पोरीवर गेली.

"या पोरीले काय झालं?"

प्रयागबाईंनी खाली मान घातली. इंद्रभान बोलणार, तेवढ्यात पंचफुलाच म्हणाली, "गोळ्यानं तोंड फुगते. माह्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दादानं त्याची एक देल्ली. ते टिकावं म्हणून रोज घ्या लागतात."

"दुखते काय?" रामकिसननी इंद्रभानला विचारलं.

"नाही. काम सगळं करतो. डॉक्टर म्हणते, सगळ्याइसारखंच आयुष्य."

"डॉक्टर म्हणते..." ते अंजनाकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"पह्यलेपासून."

"अन् तरी?"

"तरी नाही, बाबा," अंजना म्हणाली. "म्हणूनच."

रामकिसन भिंतीकडे पाहत राहिले. इंद्रभानने हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

"बाई, पाणी देता काय?" पंचफुलाने रुमालाची गाठ सोडली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या. "वेळ झाली."

अंजना उठायच्या आत रामकिसन उठले. माठातून पेला भरून त्यांनी स्वतः पोरीच्या हातात दिला, आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहिले. तिने तोंड वाकडं केलं.

"कडू हाय?"

"लय."

"अंजना, गूळ आण तिच्यासाठी," ते म्हणाले. अंजना दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा आला, थोडा बसलेला. "अन्... सगळ्याइसाठीच आण."