कस्तुराची शीळ

पक्षीतज्ज्ञ मालविका खानोलकर सह्याद्रीतल्या त्या वर्षावन संशोधन केंद्रावर निव्वळ सुट्टीसाठी आली होती. पक्षी पाहावेत, रानवाटा तुडवाव्यात, एवढाच बेत. पण सकाळच्या फेरीहून ती परतली ती अस्वस्थ होऊनच.

“नरहरी, शीळकरी कस्तुर ढिगाने दिसले. पण विणीचा हंगाम असून एकाही घरट्यात अंडं नाही.”

केंद्रप्रमुख नरहरी पै तिचा महाविद्यालयापासूनचा मित्र. त्याने चहाचा कप बाजूला सारला. “स्वराकर्षकामुळे असेल.”

“ते काय?”

“मचाणाजवळचं यंत्र. कस्तुराची शीळ वाजवतं, कितीजण येऊन थांबले ते मोजतं आणि दर खेपेला शिळेत किंचित बदल करतं. जास्त थांबले तर बदल ठेवायचा, नाहीतर टाकायचा. पर्यटकांना पक्षी हमखास दिसावेत म्हणून काही वर्षांपूर्वी बसवलं. आता ती शीळ कुठल्याही नरापेक्षा सरस झाली आहे.”

“मग माद्या खऱ्या नरांकडे जातील कशाला? आणखी एक-दोन हंगाम असेच गेले तर इथे कस्तुर उरणार नाही. आजच बंद करायला हवं.”

“कर,” तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. “खटका यंत्रावरच आहे.”

दोघे निघाले. मचाणाभोवतीच्या फांद्यांवर माद्या निश्चल बसल्या होत्या. खाली काही पर्यटक उभे होते. एकाचाही हात दुर्बिणीकडे जात नव्हता. मालविकाने खटका धरला. शीळ वर चढली, थबकली, पुन्हा वळली. एवढी लकेर संपू दे, तिला वाटले. ती संपण्याआधीच दुसरी सुरू झाली. भानावर आली तेव्हा उन्हं कलली होती आणि हात तसाच खटक्यावर होता.

तिने मान वळवली. “नरहरी, हे यंत्र मोजतं कसं?”

“अंगाच्या उबेवरून. उबदार शरीर येऊन थांबलं, की एक.”

“माणसं वगळली आहेत?”

त्याने नकारार्थी मान हलवली. “तेव्हा कुणाला सुचलंच नाही.”

म्हणजे इतकी वर्षं ते माणसांवरही शिकत होते. मालविकाने एक कान खांद्यावर दाबला, दुसऱ्यावर तळहात ठेवला. तरी शीळ आत शिरतच होती. “माझे कान झाक. घट्ट,” ती म्हणाली.

नरहरी जवळ आला. पण त्याने कान झाकले नाहीत. खटक्यावरचा तिचा हात एकेक बोट उलगडत त्याने हळुवार सोडवला.

“उद्या कापसाचे बोळे घेऊन येऊ,” तो म्हणाला. “गेल्या आठवड्यातही मी असंच ठरवलं होतं.”

तिला संताप यायला हवा होता. पण तिला फक्त सुटल्यासारखे वाटले. ती त्याच्याशेजारी बसली आणि ऐकू लागली.