लॉरेल थिएटरचा गल्लीतला जिना

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्या दोघांवर हे बेतलं, ती भावंडं आमच्याच चर्चमधली. दोघंही हयात आहेत. फक्त आता लॉरेल थिएटरचं नाव काढलं की दोघंही विषय बदलतात.

ऑगस्टमधला शनिवार होता. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं आमचं मेकन शहर. संध्याकाळ झाली होती, पण चेरी स्ट्रीटवर अजून उजेड होता.

कित्येक वर्षं बंद पडलेलं लॉरेल पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडणार होतं. तिथला जुना पाइप ऑर्गन सुरात आणायचं काम व्हर्लीन टगलने अंगावर घेतलं होतं. मदतीला थोरला भाऊ लुशस, वय वर्षं एकाहत्तर.

हे काम एकट्याचं नसतं. एकाने खाली ऑर्गनपाशी बसून पट्टी दाबून धरायची. दुसऱ्याने वर पाइपांच्या खोलीत चढून त्या पट्टीचा पाइप सुरात लावायचा. लागला की ओरडायचं, "पुढचा!"

वर जायचं ते व्हर्लीननेच. लुशसचं हृदय पार कामातून गेलं होतं. "एक जिना चढलात तर तोच शेवटचा," असं डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. ती शिडी चढायची आणि जीव मात्र खाली भावापाशी ठेवायची.

"ए बाई, झोपलीस का वर?" खालून लुशस ओरडला.

"तुझ्यासारखी खुर्ची गरम करत नाही बसले! पट्टी नीट दाब. सूर लावतोयस की म्हैस हाकतोयस?"

तो खदखदून हसला. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही.

व्हर्लीनला त्याचं काही वाटलं नाही. सूर तर येत होते.

"पुढचा!"

सूर आला.

"पुढचा!"

आला... अगदी वेळेवर. एरवी लुशस कधी पट्टी चुकायचा, कधी मध्येच सोडायचा. आज एकही चूक नाही. कधी नव्हे तो मन लावून काम करतोय, म्हणून ती खूशसुद्धा झाली.

मग एकदा तिने ओरडण्याआधीच पुढचा सूर लागला.

"दादा, घाई नको रे."



पुन्हा तेच... तिने नुसता हात मागे घेतला, आणि पुढचा सूर.

त्या खोलीतून खालचं काही दिसत नाही. मग हात मागे घेतलेला खाली कोणाला दिसला?



"बास झालं. ऊठ तिथून," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

सूर थांबला.



आणि मग पुन्हा. एकेक पट्टी, खालच्या सुरांकडे. तिच्या कानाशी असलेले माणसाएवढे जाड पाइप घुमू लागले. छातीचा पिंजरा थरथरायला लागला.

त्या घुमण्यातून तिला आणखी एक आवाज ऐकू आला.

ठण्ण...

ठण्ण...

भिंतीच्या पलीकडून. लोखंडावर पाऊल पडल्यासारखा.

पलीकडे गल्ली होती आणि गल्लीत जुना लोखंडी जिना. या दोघांच्या लहानपणी त्यांच्यासारख्या काळ्या माणसांना समोरच्या दाराने आत यायची बंदी होती. तिकीट गल्लीत काढायचं, त्या जिन्याने चढायचं आणि अगदी वरच्या गॅलरीत बसायचं. पुढे तो कायदा गेला. वरचं दार विटांनी बुजवलं, दारापुढचा सज्जा गंजून खाली पडला. आता तो जिना वर जातो आणि हवेत संपतो.

ठण्ण...

मग खोकला आला. दम्याच्या माणसासारखा, थांबून थांबून.

तो खोकला तिने आयुष्यभर ऐकला होता.

लुशस बाहेर होता. जिना चढत होता.

मग खाली ऑर्गनवर कोण होतं?

"दादा! वर येऊ नकोस! थांब!" ती जीव तोडून ओरडली. त्याच क्षणी सगळ्यात खालचा सूर एवढ्या जोरात लागला, की तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

उतरायची वाट एकच, ऑर्गनच्या शेजारून. भावासाठी ती उतरली, नाहीतर जन्मात उतरली नसती.

ऑर्गनपुढचं बाकडं रिकामं होतं.

एक पट्टी खाली दाबलेली होती... तिच्या डोळ्यांदेखत ती अलगद वर आली.

ती कशी धावली, दार कसं उघडलं, तिला आठवत नाही. गल्लीत येऊन तिने वर पाहिलं.

लुशस शेवटच्या पायरीवर उभा होता. टोपी काढून हातात धरलेली. एक पाय उचललेला, पुढे सज्जा आहे असं समजून.

"लुशस टगल!" ती किंचाळली.

तो दचकला. खाली बघितलं आणि मटकन पायरीवर बसला. त्याच्या खिशातून उकडलेल्या शेंगांची पिशवी निसटून गल्लीत फुटली.

अग्निशमन दलाने त्याला उतरवलं. दोन आठवडे तो दवाखान्यात होता. वाचला, हे देवाचे उपकार.

तो जरा सावरल्यावर व्हर्लीनने त्याला फैलावर घेतलं. "तुला अक्कल आहे का रे? मरायचं होतं का?"

"शेंगा आणायला गेलो होतो ग," तो म्हणाला. "तुला ओरडून सांगितलं, तू ऐकलं नसशील. परत आलो तर समोरचं दार आपोआप बंद झालेलं. ठोठावलं. तर तिकिटाच्या खिडकीतून एक बाई बोलली."

"ती खिडकी फळ्या ठोकून बंद आहे, दादा."

"माहितेय मला. फळ्यांच्या आतून बोलली." त्याने चादर घट्ट धरली. "म्हणाली, 'पोरा, हे दार तुमचं नाही. गल्लीतून वर जा.' मी एकाहत्तर वर्षांचा, व्हर्लीन. आणि मी 'हो बाईसाहेब' म्हणालो. टोपी काढली आणि निघालो. डोकं सांगत होतं, अरे मरशील. पाय ऐकेनात."

तो रडत होता. व्हर्लीनने त्याला आईच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं.

"मी तिला म्हटलं, बहीण आत आहे माझी, तिला सांगू दे. तर ती म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'ती कधीच वर जाऊन बसलीय. मी तिला धरून ठेवलंय. दोघांच्या जागा राखल्यात.'"

ते सूर किती वेळ चालले होते, आणि आपण किती खुशीत होतो, एवढंच व्हर्लीनच्या डोक्यात घुमत राहिलं.

लॉरेल ठरल्या दिवशी उघडलं. आता दर शनिवारी तिथे गर्दी असते. वरची गॅलरी रंगवून सगळ्यांसाठी खुली केलीय, तिकीट स्वस्त म्हणून आमच्या चर्चची पोरं तिथेच जाऊन बसतात.

परवा प्रार्थना संपल्यावर लुशसने व्हर्लीनचा हात धरला आणि हळूच विचारलं, "आपण नाही गेलो ग. मग त्या दोन जागा तिने कोणाला दिल्या असतील?"