चौदाच्या पुढचे आकडे

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो, मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर हे गुदरलंय, आणि यातला शेवटचा भाग मी माझ्या कानांनी ऐकलाय.

वार सोमवार. सकाळचे साडेसहा. मावशीचं स्वयंपाकघर.

चांगलं उजाडलं होतं. गॅसवर चहा उकळत होता. भीती वाटावी असं तिथे काहीसुद्धा नव्हतं.

मावशी बसस्थानकावर घोषणा करायची. बावीस वर्षं काचेच्या केबिनमध्ये, माइकसमोर. तिने "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हटलं की भांडणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. घरी काका चिडवायचे, "अगं हळू, मी काही सात नंबरच्या फलाटावर नाहीये."

काकांची दृष्टी दहा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. घर चालायचं ते मावशीच्या आवाजावर.

आणि तिला न्यूमोनिया झाला. दोन्ही फुप्फुसं धरली. वीस दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला, पण दम गेला. "फलाट क्रमांक" एवढं म्हणेपर्यंत तिला धाप लागायची.

डेपो मॅनेजर माणूस वाईट नव्हता. पण त्याने स्पष्टच सांगितलं.

"बाई, घोषणेचं मशीन बसवा म्हणून वरून पत्र आलंय. मी महिनाभर दाबून ठेवतो. तेवढ्यात तुमचा आवाज आला तर ठीक. नाही आला तर माझ्या हातात काही नाही."

दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमनी तिला एका ग्रुपमध्ये घेतलं. 'मोकळा श्वास'. सत्तरेक माणसं, सगळी फुप्फुसांनी पिडलेली. रोज सकाळी खोल श्वास घ्यायचा, एका दमात जमतील तेवढे आकडे म्हणायचे आणि रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं. कुणी कुणाला हसायचं नाही.

पहिल्या दिवशी मावशी सहापर्यंत गेली. टाकताना रडली.

लगेच एका बेकरीवाल्या बाईचा मेसेज आला. "मावशी, मी तीनवर होते. सहा म्हणजे चैन आहे तुमची!"

एका शिंप्याने लिहिलं, "उद्या सात. एकेक टाका घालत जायचं."

मावशीला त्या माणसांचा लळा लागला. घरात कुणी पाहुणे आल्यासारखी ती साडेसहाची वाट बघायची. सात झाले, नऊ झाले, बाराव्या दिवशी चौदा झाले.

आणि गाडी अडली.

चौदाच्या पुढे एक आकडा सरकेना. चार दिवस, पाच दिवस. महिना संपायला आठ दिवस उरले होते.

त्या सोमवारी तिने डोळे मिटून जीव तोडून मोजलं. चौदा... आणि खोकल्याची उबळ आली. फोन तसाच ओट्यावर ठेवून ती वाकली. खोकला थांबल्यावर तिने रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

मिनिटभरात फोन खणखणायला लागला.

"एकतीस!!"

"मावशी, कमाल केलीत!"

"आज पेढे पाहिजेत हं."

मावशीला वाटलं, थट्टा करतायत. तिने आपलंच रेकॉर्डिंग लावलं.

बारा... तेरा... चौदा.

मग शांतता. खोकलासुद्धा नाही.

काका टेबलाशी बसले होते. त्यांचा कप हातातच राहिला.

"कोण आलंय गं?"

"कुठे कोण?"

"चौदापर्यंत तू आहेस. पुढे मोजतंय कोण?"

"अहो, पुढे काहीच नाहीये! मला काही ऐकू येत नाही."

काकांनी फोन कानाला लावला. डोळे गेलेल्या माणसाचे कान किती तिखट असतात ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आवाज तुझाच आहे," ते म्हणाले. "पण आपण श्वास सोडताना बोलतो ना... ही श्वास आत ओढत बोलतेय."

चहा उतू गेला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

काका म्हणाले, "काढून टाक ते. आपला आकडा चौदाच आहे म्हणून कळव त्यांना."

मावशीने कळवलं नाही.

"आठ दिवस राहिलेत हो," ती म्हणाली. "मला आवाज पाहिजे. कुणाचा का असेना. जो कोणी आहे त्याने करावी मदत, मला चालेल."

हे ती मोठ्याने म्हणाली. तेच चुकलं, असं काका आजही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मावशीचे तेरा झाले. ग्रुपला ऐकू आले चाळीस.

तिसऱ्या दिवशी तिचे अकरा. ग्रुपला बासष्ट.

तिकडे नुसता जल्लोष चालला होता. बेकरीवालीने लिहिलं, "तुमच्याकडे बघून मी औषध वेळेवर घेते आता." शिंपी रोज तिचं रेकॉर्डिंग बायकोला ऐकवायचा. आणि इकडे मावशीला न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती.

एवढी माणसं आनंदात होती. त्यांना खरं काय म्हणून सांगायचं?

आठव्या दिवशी तिचे पाच आकडे झाले. महिना संपला होता, आणि दुपारी एक वाजता मॅनेजर तिच्या आवाजाची चाचणी घेणार होता. ती काकांना सोबत घेऊन गेली. काका केबिनबाहेरच्या बाकावर बसले. स्थानक गच्च भरलेलं. मॅनेजर काचेपलीकडे उभा होता.

मावशीने माइक चालू केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक..."

दम संपला. तोंड मिटलं.

आता सगळे आपल्याकडे बघणार, म्हणून तिने खाली मान घातली. पण कुणीच बघितलं नाही. तिने वर पाहिलं.

मॅनेजर मान डोलवत होता.

प्रवासी बॅगा उचलून फलाटाकडे निघाले होते. एक म्हातारी हाताने कान पुढे करून ऐकत होती. बाहेर घोषणा चालू होती... आणि केबिनमध्ये चिडीचूप.

मावशीने घाबरून माइक बंद केला. लाल दिवा विझला.

म्हातारी अजून ऐकतच होती.

मग मावशीच्या लक्षात आलं की तिची छाती आत आत जातेय. तिला श्वास घेता येईना. आतून कुणीतरी तो ओढून घेत होतं, एकसारखा, न थांबता. ती खुर्चीवरून खाली कोसळली.

बाहेर काका ओरडायला लागले, "ती नाहीये ही! दार उघडा! ही माझी बायको नाहीये!"

दार उघडलं. काका चाचपडत आत आले, जमिनीवर बसले आणि त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे ओठ निळे पडले होते.

"नको म्हण," ते तिच्या कानात म्हणाले. "अगं, तूच हो म्हणाली होतीस. तूच नको म्हण."

सगळं बळ एकवटून मावशीच्या तोंडून शब्द फुटला.

"नको... मला नको आवाज."

बाहेरची घोषणा एका शब्दाच्या मध्यावर तुटली.

मावशीने श्वास घेतला.

मॅनेजरने नंतर मला एवढंच सांगितलं, "दार उघडलं तेव्हा बाई जमिनीवर तोंड मिटून पडल्या होत्या. आणि वरच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज येत होता." त्याने पुढच्याच आठवड्यात मशीन बसवलं. मावशीला पार्सलच्या खोलीत घेतलं, तिथे फारसं बोलावं लागत नाही.

मावशीने त्याच संध्याकाळी ग्रुप सोडला. मी स्वतः तिचा फोन बंद करून माझ्या घरी आणला.

तिसऱ्या दिवशी बेकरीवालीचा मला फोन आला. माझा नंबर तिने मॅडमकडून घेतला होता.

"मावशींना अभिनंदन सांगा हं! आज दोनशेच्या वर गेल्या. रोज न चुकता टाकतात."

फोन माझ्या कपाटात होता. बंद.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी ग्रुप बंद झाला. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. माझेही फोन त्या उचलत नाहीत.

आता दीड वर्ष झालं. मावशीची फुप्फुसं साफ आहेत, असं डॉक्टर म्हणतात. पण ती तीन-चार शब्द बोलते आणि थांबते. दम असतो, तरी थांबते. "श्वास संपेपर्यंत बोलायचं नाही," म्हणते. काकाही तिला घाई करत नाहीत.

आम्ही दर रविवारी काकांच्या फोनवर बोलतो. तिने "ठेवते" म्हटलं की मी लगेच फोन ठेवते.

एकदा मी ठेवला नव्हता.

मावशी "ठेवते" म्हणाली. तिची खुर्ची सरकली. पावलं लांब गेली. फोन तसाच चालू राहिला होता.

मी "हॅलो?" म्हटलं.

पलीकडे कुणीतरी, अगदी फोनला तोंड लावून... बोलायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा... एक लांबलचक श्वास घेतला.