मुंग्यांनी नाकारलेली वाळू

"समुद्रावरची आणायची नाही, नदीची नाही, बांधकामाची तर मुळीच नाही. मग वाळू आणायची कुठून, चंद्रावरून?" धाकट्या आयुषने वैतागून बहिणीला विचारलं.

स्पृहाने वहीतून डोकं वर काढलं नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी आणलेली चार फुटी काचेची टाकी हॉलमध्ये कोरडी ठणठणीत उभी होती आणि मे महिन्याचा पहिला आठवडा संपत आला होता. बाबांचे मित्र बद्रीनाथकाका महिनाअखेर खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन लातूरला जाणार होते. त्यांची क्लाउनफिशची जोडी इतका प्रवास सोसणार नव्हती. ती ते स्पृहाला देणार होते, पण एका अटीवर. टाकीतलं पाणी वाळूसकट तीन आठवडे मुरलेलं हवं. नाहीतर मासे दुकानात जाणार, आणि दुकानदाराने आधीच सांगून ठेवलं होतं की तो एकेक मासा वेगळा विकेल.

गेली पाच वर्षं दर रविवारी स्पृहाच त्या जोडीला खाऊ घालत होती.

दुकानातल्या पोवळ्याच्या वाळूचा भाव ऐकून स्पृहा, आयुष आणि शेजारच्या इमारतीतली त्यांची मैत्रीण तनुजा रिकाम्या हातांनी घरी परतली होती. मार्ग काढला तो तनुजाने. तिचे आजोबा संपतआबा एकेकाळी कात्रजजवळच्या याच जमिनीत ज्वारी पेरायचे, आता त्याच जमिनीवर इमारती बांधतात. नातीने वाळू मागितल्यावर त्यांना हसूच आलं.

"इकत कशाला घ्यायची? पोहायच्या तलावाच्या फिल्टरची वाळू आलीय आपल्याकडं. पांढरीशुभ्र हाय, न्या दोन पोती."

बद्रीनाथकाकांना फोन केला. फिल्टरची वाळू चालेल, म्हणाले, पण तपासल्याशिवाय टाकीत चिमूटभरही जाता कामा नये. मग काय, पोती घरी येताच तपासणी जोरात सुरू झाली. लोहचुंबक फिरवलं, लोखंडाचा एकही काळा कण चिकटला नाही. बरणीत पाणी घालून हलवलं, गढूळपणा लगेच खाली बसला. आयुषने तर वाळूला शंभरपैकी शंभर देऊन टाकले आणि उरलेली वाळू गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरून शेजारी बेसनाचा लाडू खात बसला.

थोड्या वेळाने त्यानेच हाक मारली. लाडवाचा चुरा अर्धा फरशीवर सांडला होता, अर्धा वाळूवर. फरशीवरच्या चुऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. वाळूच्या कडेपर्यंत मात्र त्या यायच्या, थबकायच्या आणि मागे वळायच्या. एकही आत गेली नव्हती.

स्पृहाने वाकून वास घेतला. रॉकेलसारखा, अगदी पुसट. तिने ताबडतोब सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले.

"म्हणजे माझे आबा खराब वाळू देतात, असं म्हणायचंय तुला?" तनुजाचा चेहरा लाल झाला.

स्पृहाने नुसतं मुंग्यांकडे बोट दाखवलं. तनुजाने खाली बसून त्या जवळून पाहिल्या. मग तिनेच चपला घातल्या. "चला साइटवर. बघूनच घेऊ," ती म्हणाली.

साइटवरचे सुपरवायझर सोनबाकाका मुलांना पाहून खूश झाले नाहीत. वाळू ती वाळू, धुवायची आणि वापरायची, माशांना काय कळतंय, असं म्हणून त्यांनी हात झटकले. पण मालकाच्या नातीला गोदामात शिरण्यापासून अडवणार कोण? आत पोत्यांची थप्पी होती. सगळ्यांची तोंडं कारखान्यात मशिनने शिवलेली. कोपऱ्यात सहा पोती वेगळी होती, सुतळीने बांधलेली. मुलांकडे आलेली दोन पोतीही सुतळीचीच होती. कोपऱ्यातल्या फरशीवर मोठा काळपट डाग होता आणि डागाशेजारी वाळवीच्या औषधाचं पिंप, त्याच्यावर विषाची लाल खूण.

पोती उतरवताना फाटली म्हणून भरून बांधली, असं सोनबाकाका म्हणाले. स्पृहाने तनुजाला आबांना बोलावून आणायला पाठवलं.

आबा आले, तेव्हा मुलांनी भिंतीकडेला दोन घमेली मांडलेली होती. एकात शिवलेल्या पोत्यातली वाळू, दुसऱ्यात सुतळीच्या पोत्यातली. दोन्हींवर गुळाचा एकेक खडा. आबांनी खुर्ची मागवली आणि ते घमेल्यांसमोर बसले. सोनबाकाका दोनदा कामाचं निमित्त काढून निघाले, दोन्ही वेळा आबांनी नुसत्या नजरेने त्यांना थांबवलं.

पाऊण तासात पहिल्या घमेल्यातला गूळ मुंग्यांनी काळा झाला. दुसऱ्यातला होता तसाच पिवळा.

सोनबाकाकांनी मान खाली घातली. पिंप गळलं होतं, आठ पोती भिजली होती. पगारातून कापतील या भीतीने त्यांनी ती वाळू उन्हात वाळवून नव्या पोत्यांत भरली होती. आबांनी मुलांसाठी पोती मागितली, तेव्हा त्यांतलीच दोन देऊन टाकली.

"उरलेली सहा कुठं जाणार व्हती?" आबांनी विचारलं.

"उद्या फिल्टरमधी."

आबा खुर्चीतून उठले. रविवारी तलाव सुरू होणार होता आणि सोसायटीतल्या मुलांनी पोहण्याचे चष्मेसुद्धा घेऊन ठेवले होते.

"औषध सांडलं, त्याचं काय न्हाय, सोनबा. लपवलंस, त्याचं हाय." मग ते मुलांकडे वळले. "सात बिल्डिंगा बांधल्या मी, पन वाळू कधी मुंगीला इचारून घेतली न्हाय. तुमी डोळं उघडलं माझं."

त्या संध्याकाळी सुतळीची आठही पोती बाजूला काढली गेली आणि आबांच्या देखत शिवलेलं पोतं उघडलं गेलं. लोहचुंबक, बरणी, गूळ, सगळ्या परीक्षा झाल्या. वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली आणि टाकीत मोजून मीठ घातलेल्या पाण्याखाली अंथरली. बद्रीनाथकाकांनी आपल्या टाकीतली मूठभर जुनी वाळूही वर पसरायला पाठवली. मग तीन आठवडे रोज पाण्याची तपासणी, रोज वहीत नोंद. स्पृहाने एकही दिवस चुकवला नाही.

महिनाअखेरीस काका मासे घेऊन आले. त्यांनी स्वतः पाणी तपासलं, वही वाचली आणि वाळूतली खोट शोधायला सगळ्यांना साइटवर कोण घेऊन गेलं ते विचारलं. स्पृहाने तनुजाला पुढे ढकललं.

"मासे सांभाळणारे खूप भेटतील," काका म्हणाले. "स्वतःच्या घरची वस्तू तपासायला धीर लागतो, पोरी."

तनुजाचे डोळे भरून आले. काकांनी पिशवी पाण्यात हळूच कलती केली. मोठी मासोळी आधी बाहेर आली, मागोमाग छोटा. पांढऱ्या वाळूवरून दोघांनी एक चक्कर मारली आणि ते कोपऱ्यातल्या दगडाआड एकमेकांना चिकटून बसले. काकांनी चष्मा पुसला आणि गाडीची वेळ झाली, असं सांगून ते उठले.