चॉकलेटचा वार

"मॅडम, माझ्या सासऱ्यांना घरातलंच कुणीतरी विष देऊन राहिलं." फोनवरच्या बाईंचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. "जमलं तर जेवणाआधी या."

उपनिरीक्षक नंदिनी मेश्राम बेसा भागातल्या त्या फ्लॅटवर पोचल्या, तेव्हा विष डायनिंग टेबलावर मांडून ठेवलेलं होतं. प्रोटीन पावडरचे तीन डबे. काळा, पांढरा, गुलाबी. शेजारी स्टीलचा पेला. त्याच्या तळाशी तपकिरी गाळ.

फोन करणाऱ्या बाई म्हणजे वेदिका, घरची सून. नवरा ड्युटीवर.

"काळा माझ्या मुलाचा, आर्यनचा. जिमवाला, चॉकलेट फ्लेवर. प्रोटीन ठासून भरलेलं. गुलाबी माझा, शुगर असणाऱ्यांचा. पांढरा बाबांचा, किडनीवाला. त्यात प्रोटीन अगदी मोजकं."

"आणि विष कोणतं?"

"काळा."

"तो तर तुमचा मुलगा पितो."

"त्याच्यासाठी टॉनिक. बाबांसाठी विष."

बाबा म्हणजे नानाजी. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त. किडन्या निम्म्याही चालत नव्हत्या. गेल्या दोन्ही रिपोर्टांत क्रिएटिनिनचा आकडा चढला होता. अजून चढला तर डायलिसिस, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. सोमवारी पुन्हा रक्त द्यायचं होतं. आणि आज, शनिवारी सकाळी, बाबांच्या पेल्यात चॉकलेट सापडलं होतं.

"रोज सापडतं?"

"नाही. काल पेला पांढराच होता. परवा गुरुवारी तपकिरी होता, मला वाटलं आर्यनचा असेल."

नंदिनींनी पेल्याचा वास घेतला. चॉकलेटच. पोलीस खात्यात यासाठी वेगळं प्रशिक्षण देत नाहीत.

आर्यनला बोलावलं. तो दारातून किंचित तिरका होऊन आत आला. गरज नव्हती, पण सवय लागली असावी.

"आजोबांच्या पेल्यात तू पावडर टाकतोस?"

"मी काहून टाकीन, मॅडम? माझाच डबा चोरीले जाऊन राहिला. मी पचमढीले गेलो होतो. वापस आलो तर पावडर तळाले."

"तक्रार केलीस?"

"केली ना. जिमच्या ग्रुपवर."

"मग?"

"सगळ्याइनं रडणारं तोंड टाकलं."

नंदिनी हॉलमध्ये गेल्या. नानाजी टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीचा आवाज बंद होता. त्यांचाही.

"काका, तुमची पावडर कोण कालवून देतं?"

"यमुना. माही बायको."

"चव कधी वेगळी लागली?"

"मॅडम, मी सारी नोकरी कोराडीची राखड खाल्ली. चवीचं मले काय विचारता? मीठ बंद, डाळ बंद, पनीर बंद, केळं बंद. जीभ बी बंदच समजा."

"तुमच्यावर कुणाचा राग?"

नानाजींनी विचार केला. "नाही जी. इतकी फुरसत कोणाले हाय?"

स्वयंपाकघरात यमुताई नवऱ्यासाठी भगर शिजवत होत्या. ढवळताना त्यांच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत आणि परत येत.

"चहा घेतेस का वं पोरी? मी बी घेते. आज माह्यं चहावरच हाय. शनिवार."

"काकांनाही उपवास?"

"हो. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार."

"पहिल्यापासून?"

"कुठचं! देवाले हात नव्हते जोडत. मी पूजा करो, ते पेपर वाचत. बिमारीनं माणूस सुधारते. एक दिवस त्याइनच म्हटलं, यमुना, मी उपास धरतो. मले रडूच आलं. मग मी बी नवस बोलली. डायलिसिस टळू दे, त्याइच्या संगं मी बी उपाशी राहीन."

"ते भगर खातात. तुम्ही?"

"नवस माहा हाय ना. मी चहावर राहते."

नंदिनी टेबलाकडे परतल्या. काळा आणि पांढरा डबा खिडकीशी नेला. घटकांची यादी मुंगीएवढ्या इंग्रजीत होती. पांढऱ्यावर पहिलाच शब्द सोयाबीन. काळ्यावर पहिलाच शब्द दूध.

त्या पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. "आमच्या घरी उपवास नसतात, म्हणून विचारते. सोयाबीन चालतं का?"

"छ्या! कसं चालंन?"

"आणि दूध?"

"दूध काहून नाही चालणार?"

नंदिनींनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. चौघं ओळीनं बसले, शांतपणे, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे.

"काळ्या डब्यातली पावडर काढणारा हात यमुताईंचा आहे," नंदिनी म्हणाल्या.

कुणी दचकलं नाही. यमुताई तर मुळीच नाही.

"हो, मीच काढते. देवाचे वार नाही का? उपासाच्या दिवशी त्याइले सोयाबीन कसं देऊ?"

"आई, तुम्ही बोलल्या नाहीत कधी!" वेदिका म्हणाली.

"कोणी विचारलंच नाही. तू पोलिसाले विचारलं."

"म्हणजे गुन्हेगार आजी?" आर्यन म्हणाला. "मॅडम, माझी तक्रार वापस. ग्रुपवर काय सांगू?"

"थांब." नंदिनी यमुताईंकडे वळल्या. "तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

"नाही वं."

"मग पांढऱ्या डब्यात सोयाबीन आहे आणि काळ्यात दूध, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

यमुताईंनी फक्त मान वळवली. मग वेदिकानं वळवली. मग आर्यननं, खांद्यासकट.

नानाजी बंद आवाजाचा टीव्ही फार लक्ष देऊन पाहत होते.

"जन्मभर देव न मानणारा माणूस आजारपणात उपवास धरतो. यात नवल नाही," नंदिनी म्हणाल्या. "पण काकांनी आधी डबे वाचले आणि मग उपवास धरला. पांढऱ्यात सोयाबीन, ते उपवासाला बाद. काळ्यात दूध, ते पास. हे त्यांनी यमुताईंच्या कानावर घातलं आणि बाजूला झाले. पुढचं काम यमुताईंच्या श्रद्धेनं केलं. म्हणून पेला वाराप्रमाणे रंग बदलत होता. काल शुक्रवार, पांढरा. परवा गुरुवार, तपकिरी. आर्यन पचमढीला होता, पण वार काही पचमढीला गेले नव्हते. काका, पहिल्यांदा किती वार होते?"



"सोमवारच होता," नानाजी म्हणाले.

"मग?"

"मग मंगळवार आला."

"बाबा, डायलिसिस लागलं असतं!"

"मले वाटलं, चमचाभरानं काय होते."

"एकच चमचा?" नंदिनींनी विचारलं.

"दोन." नानाजींनी टीव्ही बंद केला. "तुमी साऱ्याइनं सारंच बंद केलं. दिवसातून एक गोष्ट तोंडाले गोड लागे. मराचं नव्हतं मले. गोड पाहिजे होतं."

मग यमुताई बोलल्या. आवाज चढला नव्हता.

"म्हणजे तुमी चॉकलेट पेत होते."

"हो."

"आन् मी उपाशी होती."

नानाजींनी बायकोकडे पाहिलं. कोपराशी घसरलेल्या बांगड्या त्यांना बहुतेक आत्ताच दिसल्या.

"यमुना, तू पुरीच उपाशी राहतेस, हे मले..."

"यात कलम कोणतं लागते वं, पोरी?"

"नवऱ्यानं खोटा उपवास धरला, यावर कलम नाही, काकू."

"असाले पाहिजे."

त्या आत गेल्या. झाकणं वाजली. बाहेर आल्या तेव्हा एका हातात ताट होतं. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. दुसऱ्या हातात पांढऱ्या पावडरचा पेला. पेला त्यांनी नानाजींपुढे ठेवला आणि ताट घेऊन त्यांच्यासमोरच बसल्या.

"आई, शनिवार आहे," वेदिका हळूच म्हणाली. "नवस?"

"देवानं विचारलं तर याइचं नाव सांगीन."

त्यांनी पहिला घास घेतला. नानाजींनी पेला उचलला. तोंड वाकडं केलं नाही. करायची हिंमत नव्हती.

सगळा प्रकार ऐकून डॉक्टरांनी डायलिसिसचा निर्णय महिनाभर पुढे ढकलला. आर्यनच्या डब्याला कुलूप लागलं. महिन्यानं वेदिकाचा फोन आला. आवाज तोच, भाजीच्या भावाचा.

"मॅडम, आकडा खाली आला. सध्या तरी डायलिसिस नाही."

"छान. काका कसे आहेत?"

"चिडून राहिले."

"का?"

"उपासानं आईंना फार अशक्तपणा आला होता. त्यांनाही डॉक्टरांनी पावडर लिहून दिली, चॉकलेट फ्लेवर. त्या रोज बाबांच्या समोर बसून पितात."

"मग?"

"हळूहळू पितात, मॅडम. चमच्यानं."